बडोद्यात घर घेताना दलालाच्या घाईला कसं सामोरं जायचं

बडोद्यात घर शोधायला लागलं की पहिल्या काही दिवसांतच हे वाक्य कानावर येतं: ‘आजच टोकन देऊन टाका, उद्या घर राहणार नाही.’ मांजलपूरचं टेनामेंट असो, वासणा-भायली रोडवरचा फ्लॅट असो की कारेलीबागेतलं जुनं बैठं घर, वाक्य तेच. बरीच माणसं या एका वाक्यावर लाखभर रुपये काढून देतात आणि मग कागद मागायला लागतात. बँकेच्या गृहकर्ज विभागात काम करताना हा उलटा क्रम मी इतक्या फायलींमध्ये पाहिला आहे की त्याविषयी एकदा सविस्तर लिहायचं फार दिवस मनात होतं. पैसे गेल्यानंतर माणूस प्रश्न विचारत नाही, विनवण्या करतो. म्हणून या लेखात जे काही सांगायचं आहे ते सगळं टोकन देण्याआधीच्या काळाबद्दल आहे.

दलालाचं गणित

आधी दलालाची बाजू समजून घेऊ. ती कळली की त्याच्या बोलण्यातलं बरंचसं आपोआप उलगडतं.

जुन्या घराच्या सौद्यात आपल्याकडे दलाली साधारण एक टक्का, आणि ती दोन्ही बाजूंकडून घेतात. समजा घर ६० लाखांचं आहे. तुमच्याकडून ६० हजार, मालकाकडून ६० हजार. तुम्ही घासाघीस करून किंमत ५८ लाखांवर आणलीत तर तुमचे दोन लाख वाचले आणि दलालाचे दोन्हीकडचे मिळून चार हजार गेले. पण सौदाच फिसकटला तर त्याचे सव्वा लाखाच्या घरातले पैसे जातात. म्हणजे किंमत थोडी वर झाली काय, खाली झाली काय, त्याला फारसा फरक पडत नाही. त्याला सौदा व्हायला हवा असतो आणि लवकर व्हायला हवा असतो. मालकालाही तो तिकडे असंच सांगत असतो की बाजार थंड आहे, ही पार्टी गेली तर दुसरी कधी येईल सांगता येत नाही. त्याच्या धंद्याचा तो भाग आहे. त्यात माणूस वाईट असायला लागत नाही, आणि चांगले, शब्दाला जागणारे दलाल बडोद्यात पुष्कळ आहेत.

पण यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तुम्ही त्याला जे सांगाल ते मालकापर्यंत पोचणार. ‘आमचं बजेट ६० आहे, फारच आवडलं तर ६३ पर्यंत जाऊ’ असं बोललात की तुमची किंमत ६३ झाली. भाड्याच्या घराची मुदत कधी संपते, मुलाची शाळा कधी सुरू होते, गावाकडची जमीन विकून पैसे आलेत, यातलं काहीही सांगायची गरज नसते. बजेट विचारलं तर ‘घर बघू, त्या घराची किंमत रास्त वाटली तर बोलू’ एवढं पुरतं. दुसरी गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. ज्याचं कर्ज तत्त्वतः मंजूर झालेलं आहे आणि जो ठरल्या दिवशी चेक देईल असा ग्राहक दलालाला लाखभर जास्त देऊ म्हणणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो. म्हणून घरं बघायला बाहेर पडण्याआधीच बँकेकडून मंजुरीचं पत्र घेऊन ठेवा. तुमच्या कमी आकड्यालाही त्यामुळे वजन येतं.

दुसरी पार्टी

माझ्या मावसबहिणीला गेल्या वर्षी रविवारी संध्याकाळी, घरात पाहुणे बसलेले असताना, फोन आला. ‘बेन, बीजी पार्टी टोकन लईने बेठी छे. तमे हा पाडो तो हुं एमने ना पाडी दउं.’ म्हणजे दुसरी पार्टी टोकन घेऊन बसली आहे, तुम्ही हो म्हणालात तर त्यांना नाही सांगतो. तिचा आवाज क्षणभर बसला, कारण घर तिला मनापासून आवडलं होतं. पण काय बोलायचं ते आम्ही आधी ठरवलेलं होतं. ती म्हणाली, ‘भाई, त्यांची ऑफर तुम्ही मालकांसमोर जरूर ठेवा. माझी लेखी पाठवलेली आहे, ती मंगळवार रात्रीपर्यंत कायम आहे. कागदांच्या झेरॉक्स आल्या की बुधवारी चेक देते. त्यांची ऑफर किती आहे आणि ते कर्ज काढणार आहेत का, एवढं सांगाल?’ त्याचं उत्तर तो देईना. नुसतं ‘जल्दी करो बेन’ म्हणत राहिला.

ती दुसरी पार्टी खरी होती. घर गेलं. बहीण दोन दिवस नीट जेवली नाही. असं होणार हे गृहीत धरूनच या कामाला लागायला हवं, कारण दरवेळी दलाल थाप मारत असतो असं मानणं तितकंच चुकीचं आहे. दुसरा ग्राहक खरा की खोटा हे शोधत बसू नये, ते आपल्याला कधीच नक्की कळत नाही. आपला आकडा आणि आपली तारीख मात्र आपल्या हातात असते. ते घर मिळवायला तिला तीन लाख वर जावं लागलं असतं आणि तिच्या हप्त्याचं गणित तिथे मोडत होतं, ते मी स्वतः मांडून पाहिलं होतं.

‘एक-दोन लाखांसाठी काय अडून बसता’ असं दलाल म्हणतो तेव्हा हे मनात ठेवा: साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एका लाखाचा हप्ता साधारण ८६८ रुपये पडतो, आणि वीस वर्षांत त्या लाखापोटी दोन लाख आठ हजारांच्या आसपास भरले जातात. हप्ता ऐकायला लहान वाटतो, म्हणूनच तो ऐकवतात.

कमुरता, जंत्री आणि अमेरिकेला निघालेला मालक

आपल्या शहराची घाईची कारणंही आपली आहेत. डिसेंबरच्या मध्याला ‘कमुरता लागायच्या आत टोकन करून टाका’ सुरू होतं. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंतचा तो महिना गुजराती घरांत शुभकार्याला टाळतात, दस्तावेज म्हणजे नोंदवलेलं खरेदीखतही बरेच जण टाळतात. पण घर बघायला, वकिलाला कागद दाखवायला, सोसायटीत चौकशी करायला कमुरता आड येत नाही. उलट त्या महिन्यात ग्राहक कमी असतात, दलालाला वेळ असतो आणि मालक बोलायला तयार असतो. मी तर घर शोधणाऱ्यांना सांगतो की याच महिन्यात निवांत फिरा.

जंत्री, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला मालमत्तेचा दर, वाढणार ही दुसरी भीती. सरकारने १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीची जंत्री दुप्पट केली तेव्हा आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या दरांचा मसुदा आला तेव्हाही या भीतीवर सौदे उरकले गेले. यात नेमकं काय होतं ते बघा. मुद्रांक शुल्क जंत्रीची किंमत आणि दस्तावेजातली किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं. तुम्ही खऱ्या किमतीचा दस्तावेज करणार असाल आणि ती किंमत जंत्रीच्या वर असेल, तर जंत्री तुमच्या किमतीला ओलांडेपर्यंत तुमच्या शुल्कात एक रुपयाचाही फरक पडत नाही. त्या घराची आजची जंत्री किती, हे दलालालाच विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. भीती बहुधा तिथेच संपते.

तिसरं कारण खरं असू शकतं: मालक परदेशी राहतो, महिनाभरासाठी आला आहे आणि परत चालला आहे. बडोद्यात असे मालक खूप. पण इथे घाई करण्याऐवजी जास्त थांबावं लागतं. निवासी मालकाचं घर ५० लाख किंवा त्यावर असेल तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस (मालकाला द्यायच्या रकमेतून कापायचा कर) कापून सरकारकडे भरायचा असतो. मालक अनिवासी असेल तर तो एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही, घर ५० लाखांच्या आतलं असलं तरी वेगळ्या आणि बऱ्याच जास्त दराने कर कापावा लागतो. कमी कापायचा असेल तर मालकाने प्राप्तिकर खात्याकडून तसं प्रमाणपत्र आणायचं. हे न करता तुम्ही पूर्ण रक्कम देऊन बसलात तर करखातं तुम्हालाच विचारतं, आणि तोवर मालक न्यू जर्सीत पोचलेला असतो. मालकाच्या वतीने भाऊ किंवा मेव्हणा सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र मूळ स्वरूपात बघा, ते घर विकण्याचा अधिकार स्पष्ट देतं का ते वकिलाकडून वाचून घ्या. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घराची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वच्छ सांगितलेलं आहे. नोंदवलेला दस्तावेज हवाच.

टोकन कोणाला, कशासाठी, कोणत्या अटीवर

५१ हजार, एक लाख एक हजार, अशी शकुनाची रक्कम हातात पडली की तुमची बाजू अर्धी ढिली होते. मालकाला वाटतं ग्राहक बांधला गेला, तुम्हाला वाटतं घर बांधलं गेलं, आणि कागदावर बहुतेक वेळा दोन ओळींच्या पावतीशिवाय काहीच नसतं. पुढे टायटलमध्ये, म्हणजे मालकीहक्कात, गोम निघाली किंवा बँकेने कर्ज नाकारलं की ‘टोकन परत मिळत नाही’ हे पहिल्यांदा ऐकायला मिळतं. कायद्याने काय मिळू शकतं ही पुढची गोष्ट, त्यासाठी वर्षं जातात. सुरुवातीलाच चार ओळी लिहून घेतल्या तर भांडणाला जागाच राहत नाही.

म्हणून ऑफर तोंडी देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर चालते, हिंदीत चालते, गुजरातीत चालते. मजकूर साधारण असा असावा: ‘अमुक सोसायटीतल्या अमुक नंबरच्या घरासाठी आमची ऑफर ५७ लाख ५० हजार, संपूर्ण रक्कम दस्तावेजात. टोकन ५१ हजार, मालकाच्या नावे चेकने, खालील कागदांच्या प्रती मिळाल्यावर. टायटल सदोष निघालं, बँकेने कर्ज नाकारलं किंवा लागणारी सरकारी परवानगी मिळाली नाही, तर टोकन सात दिवसांत परत. ही ऑफर अमुक तारखेला रात्री आठपर्यंत.’ मग कागदांची नावं लिहा. मालकाचा दस्तावेज आणि इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा उतारा), बिनखेतीचा (बिगरशेतीचा) हुकूम किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी), बी.यु. परमिशन (इमारत वापरायची परवानगी), वेराबिल (घरपट्टीचं बिल), सोसायटीचा ना हरकत दाखला, आणि घरावर कर्ज असेल तर किती शिल्लक आहे याचं बँकेचं पत्र.

‘एवढी कमी ऑफर मी मालकाकडे नेऊच शकत नाही, ते रागावतील’ असं उत्तर आलं तर शांतपणे म्हणा, ‘हा मेसेज मालकांना जसाच्या तसा पुढे पाठवा, रागावले तर माझ्यावर रागावू द्या.’ लेखी मजकुराचा हा मोठा उपयोग आहे. तोंडी आकडा मधल्या मधे बदलतो, लिहिलेला बदलत नाही. आणि चेक मालकाच्याच नावे. दलालाच्या हाती रोख टोकन कधीही देऊ नका. काही वेळा दलालाने किंवा एखाद्या गुंतवणूकदाराने मालकाला थोडी रक्कम देऊन घर धरून ठेवलेलं असतं आणि वर ‘ओन’ म्हणजे जादा रक्कम लावून ते तुम्हाला विकायचं असतं. चेकवर कोणाचं नाव लिहायचं हे विचारलं की हा प्रकार तिथल्या तिथे बाहेर येतो.

मालकाला एकदा समोरासमोर भेटल्याशिवाय मी तरी कोणाला टोकन देऊ देत नाही. दलाल टाळाटाळ करतो, तरी आग्रह धरा. दहा मिनिटांच्या भेटीत घर का विकतायत, त्यांना पैसे कधी हवेत, हे कळतं. मालकाला पैसा मार्चनंतर हवा असेल तर आजच्या आज काही करायचं कारणच उरत नाही.

वेळ का लागतो, हे त्याला समजावून सांगा

शहराच्या काही भागांत अशांत धारा लागू आहे. १९९१ च्या या कायद्याप्रमाणे तिथलं घर विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि परवानगीशिवाय केलेला व्यवहार रद्दबातल ठरतो. अशा भागातलं घर असेल तर ‘एक महिन्यात पूर्ण पेमेंट’ ही अट कबूल करणं म्हणजे स्वतःला अडकवून घेणं. मुदत परवानगी हातात आल्याच्या दिवसापासून मोजायची, असं बानाखतात, म्हणजे दस्तावेजाआधीच्या विक्री करारात, लिहून घ्या. घर त्या हद्दीत येतं का, याचं उत्तर दलालाच्या तोंडून न घेता वकिलाकडून घ्या.

आणि पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ज्यांच्या दिवाणखान्यात ते आलं त्यांना हे सांगायला नको. पण तुम्ही घर बघायला जाता तेव्हा सगळं कोरडं असतं, रंग नवा असतो. सामा, अकोटा, मुंजमहुडा, कारेलीबाग अशा नदीच्या किंवा कांसाच्या (नाल्याच्या) जवळच्या भागांत घर बघताना भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा पट्टा हाताने चाचपून बघा. वरचा गिलावा जुना आणि खालचा नवा असेल तर बोटांना कळतं. लाइटचं मीटर अलीकडे वर सरकवलंय का बघा, लाकडी दाराच्या चौकटीचा तळ फुगलाय का बघा. मग शेजारच्या घराची बेल वाजवा आणि सरळ विचारा, ‘काकी, चोवीसच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ शेजारी हात कमरेला लावून दाखवतात. दलालाने या चौकशीला वेळ दिला नाही तर त्या घरावर ऑफरच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडे चेकने, थोडे रोख

सौद्याच्या शेवटी, तुम्ही मनाने त्या घरात राहायला गेलेले असताना, हे येतं: ‘दस्तावेज ४५ चा करू, १५ रोख द्या, तुमचाच फायदा.’ फायदा मोजून बघा. गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी एक टक्का. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ असते, हे दलाल बहुधा सांगत नाही. ६० ऐवजी ४५ लाखांचा दस्तावेज केला तर दोन्ही मिळून वाचतात ८८ हजार ५००. पण बँक कर्ज देते दस्तावेजातल्या किमतीवर. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ६० लाखांवर ४८ लाख मिळाले असते, ४५ वर मिळतील ३६. म्हणजे ८८ हजार वाचवायला तुम्हाला स्वतःच्या खिशातून १२ लाख जास्त उभे करावे लागणार, तेही बहुतेक सोनं मोडून किंवा हातउसने.

शिवाय घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याने बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. उद्या तुम्ही घर विकाल तेव्हा खरेदी किंमत ४५ लाखच धरली जाईल, नफा फुगलेला दिसेल आणि कर तुम्ही भराल. सौदा मोडला तर त्या १५ लाखांचा पुरावा कुठेच नसतो. म्हणूनच वरच्या मेसेजमध्ये ‘संपूर्ण रक्कम दस्तावेजात’ हे शब्द पहिल्याच ओळीत घातले आहेत. हा विषय शेवटी निघू न देता सुरुवातीलाच संपवायचा.

६० लाखांच्या घराला स्वतःचे किती लागतात ते इथेच मांडतो: किमतीतले १२ लाख, मुद्रांक दोन लाख ९४ हजार, नोंदणी ६० हजार, दलाली ६० हजार. सोळा लाखांच्या वर गेले, वकील आणि रंगरंगोटी अजून धरलेली नाही. हा आकडा हाताशी असला की ‘थोडं वर चला’ म्हणणाऱ्याला लगेच उत्तर देता येतं.

नवी स्कीम असेल तर

भायली, सेवासी, न्यू अलकापुरीकडच्या नव्या स्कीममध्ये सॅम्पल हाउस दाखवून ‘पाचच युनिट राहिलेत, आजचा भाव आजच’ म्हणतात. इथे तुमच्या पाठीशी २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डर आणि दलालांवर नियमन ठेवणारा, कायदा आहे. प्रकल्पाचा आणि दलालाचा, दोघांचाही नोंदणी क्रमांक गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तपासता येतो, आणि कितीची बुकिंग झाली तेही तिथे दिसतं. बानाखत नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाची नोंदणी व्हायच्या आधी ‘प्री-लाँच’ म्हणून बुकिंग घेणंच कायद्याला धरून नाही. भाव सुपर बिल्टअपवर (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटा धरून) सांगितला तर कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा किती, ते लिहून मागा. जुन्या घराच्या सौद्यात रेराची ही राखण बहुधा नसते, म्हणून तिथे सगळी राखण आपली आपण करायची.

दलालीचंही आधी बोलून घ्या. किती, कोणाकडून, जीएसटी धरून की वेगळा, आणि कधी. मी अर्धी बानाखताला आणि अर्धी दस्तावेजाच्या दिवशी असं सुचवतो, आणि सौदा टायटलमुळे मोडला तर दलाली नाही हेही त्याच मेसेजमध्ये लिहायला सांगतो. दलालाने नेमून दिलेला वकील घेऊ नका. तो माणूस चांगला असेलही, पण ‘थांबा’ हे त्याने कोणाला सांगायचं हा प्रश्न राहतो. दांडिया बाजारात किंवा कोर्टाजवळ स्वतः शोधलेल्या वकिलाची टायटल तपासायची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते, आणि त्याचा लेखी अभिप्राय येईपर्यंत फोन कितीही वाजला तरी तुमचं उत्तर एकच: ‘भाई, वकिलांकडे फाइल आहे, त्यांचं आलं की मी स्वतः फोन करते.’